सीआरपी पुन्हा चढला, आता काय?

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझा दादा ३८ वर्षांचा आहे. मोटारसायकलवरून जाताना त्याला ट्रकने धडक दिली. डावीकडच्या पाच बरगड्या मोडल्या, डाव्या मांडीचं हाड मोडलं आणि पोटात रक्तस्राव होत होता म्हणून त्याच रात्री ऑपरेशन करून प्लीहा काढावी लागली. मांडीला तेव्हा फक्त बाहेरून सळया लावल्या. आतला रॉड सहाव्या दिवशी घातला. व्हेंटिलेटर चौथ्या दिवशी निघाला. दादा बोलतो, ओळखतो, पण अजून आयसीयूतच आहे. आज आठवा दिवस.

मी अकाउंट्समध्ये काम करते. हातांना काहीतरी हवं म्हणून रोजचे रिपोर्ट एक्सेलमध्ये भरतेय. लॅक्टेट दादाला आणलं तेव्हा ५.८, दुसऱ्या दिवशी सकाळी १.९. सीआरपी तिसऱ्या दिवशी २३८, मग उतरत सहाव्या दिवशी सकाळी ११०, आणि आज एकदम १७२. प्रोकॅल्सिटोनिन ६.४ वरून ३.०, १.३, ०.८ आणि आज ०.९. पांढऱ्या पेशी १८,४००. प्लेटलेट ५ लाख ६० हजार. सीपीके ११,००० होता, आता ९००. क्रिएटिनिन १.५ वरून १.०.

आजचा सीआरपी बघून घरात सगळ्यांचं धाबं दणाणलंय. डॉक्टर म्हणतात, "लक्ष ठेवून आहोत." अँटिबायोटिकही बदललेलं नाही. माझा मावसभाऊ जीवशास्त्रात संशोधन करतो. तो म्हणतो इंटरल्युकिन-६ आणि डी-डायमर करून घ्या, पुढे काय होणार ते आधीच कळतं. खरंच कळतं का? नेमका कुठला आकडा बघायचा? डॉक्टर दुर्लक्ष तर करत नाहीत ना? आणि वहिनी रोज रात्री विचारते, "धोका टळला ना आता?" तिला मी काय सांगू?

– धाकटी बहीण

उत्तर

ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं: तुम्ही दिलेल्या आकड्यांत मला तरी धावाधाव करावी असं काही दिसत नाही, आणि दादाला रोज तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा मोठा. सविस्तर आता लिहितो, कारण आयसीयूच्या बाहेर बसून रिपोर्ट उलगडणाऱ्या बहुतेक घरांचे प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात. मी दादाला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. तुमची शीट कशी वाचायची, एवढंच सांगतो.

त्या शीटमध्ये एक रकाना राहून गेलाय. त्या दिवशी दादाच्या शरीरावर काय काय घडलं, तो. ऑपरेशन, रक्त चढवणं, नळी घालणं, नळी काढणं, ताप, लघवी किती झाली. तो रकाना भरा आणि मग सीआरपीकडे परत बघा. सहाव्या दिवशी मांडीच्या हाडात रॉड घातला. हाडाची पोकळी पोखरून रॉड बसवणं हे शरीराच्या हिशेबी पुन्हा एक जखम असते, मग ती कितीही कुशल हातांनी केलेली असो. सीआरपी म्हणजे शरीरात कुठेही दाह असला की यकृतात तयार होणारं एक प्रथिन. जखमेनंतर सहा-आठ तासांनी तो चढायला लागतो, साधारण ४८ तासांनी शिखर गाठतो आणि मूळ कारण थांबलं की दर १९ तासांच्या आसपास निम्मा होत जातो. सहावा दिवस अधिक ४८ तास म्हणजे आठवा दिवस. तो नेमका आजच चढलेला दिसणं हे अपेक्षितच होतं. शिवाय १७२ हा आकडा पहिल्या जखमेच्या वेळच्या २३८ पेक्षा कमी आहे, तेही जुळतं.

आता बघायचं ते उद्या-परवाकडे. नवव्या-दहाव्या दिवशी तो उतरणीला लागायला हवा. दहाव्या दिवशीही चढतच राहिला, किंवा उतरून काही दिवसांनी कुठलंही ऑपरेशन झालेलं नसताना पुन्हा उसळला, तर तुम्ही विचारा. पण तुमच्या आधी डॉक्टर विचारात पडलेले असतील.

सीआरपीबद्दलचा गोंधळ जुना आहे. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. न्यूमोकॉकस जंतूच्या एका घटकाशी ते साका बनवत होतं. जन्मच जंतूंच्या सोबत झाल्यामुळे आजही लोकांच्या मनात सीआरपी म्हणजे इन्फेक्शन असं समीकरण बसलंय. यकृताला मात्र जंतूंची थेट खबर नसते. त्याला फक्त रक्तातून 'दाह चालू आहे' असा संदेश मिळतो, आणि हा संदेश मुख्यत्वे इंटरल्युकिन-६ देतं, म्हणजे मावसभावाने सुचवलेलं तेच. दाह जंतूंमुळे झाला की ट्रकमुळे, की सर्जनच्या अवजारांमुळे, हे सीआरपी सांगू शकत नाही.

इथे जरा थांबतो, कारण या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. मोठ्या अपघातानंतर एकही जंतू नसताना माणसाला ताप येतो, नाडी धावते, पांढऱ्या पेशी वाढतात, दाहाचे सगळे आकडे वर जातात. असं का होतं, याचं एक विलक्षण उत्तर २०१० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया असतात आणि अब्जावधी वर्षांपूर्वी ती स्वतंत्र जिवाणू होती. त्यांच्या डीएनएवर आणि प्रथिनांवर त्या जुन्या घराण्याच्या खुणा अजून आहेत. स्नायू चिरडले, हाड मोडलं की पेशी फुटतात आणि हा ऐवज रक्तात सांडतो. प्रतिकारशक्तीला वाटतं, जिवाणू घुसले. आणि ती तशीच लढायला उठते. म्हणजे जखमी माणसाच्या रक्तात इन्फेक्शनची सगळी चिन्हं पहिल्याच दिवशी, खऱ्या इन्फेक्शनशिवाय उभी राहतात. अशा रक्तात खरं इन्फेक्शन ओळखणं किती अवघड, याची कल्पना यावरून यावी. सरळसोट न्यूमोनिया झालेल्या माणसाचा रिपोर्ट वाचायचे नियम अपघाताच्या रुग्णाला जसेच्या तसे लावले की निम्मी घबराट तिथेच तयार होते.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट. अमेरिकेत बऱ्याच रुग्णालयांनी मिळून गंभीर जखमींच्या पांढऱ्या पेशींतली जनुकं तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या जखमेनंतर या पेशींतल्या ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचं काम बदलून जातं. संशोधकांनी त्याला 'जनुकीय वादळ' म्हटलं. अपेक्षा अशी होती की ज्यांची प्रकृती पुढे बिघडते त्यांच्यात काही वेगळीच जनुकं जागी होत असतील. तसं निघालं नाही. बरे होणाऱ्यांत आणि बिघडणाऱ्यांत जनुकं तीच होती. फरक होता तो वादळाच्या जोराचा आणि ते किती दिवस चाललं याचा. म्हणून एका दिवसाचा आकडा इतका मुका असतो. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तुम्हाला हे पटकन समजेल: ३१ मार्चची शिल्लक बघून धंदा कुठे चाललाय ते कळत नाही, वर्षभराची आवक-जावक बघावी लागते.

आता प्रोकॅल्सिटोनिन. हे कॅल्सिटोनिन संप्रेरकाचं आधीचं रूप. एरवी ते थायरॉइडपुरतं असतं आणि रक्तात जवळपास शून्य. पण जिवाणूंच्या गंभीर संसर्गात शरीरातल्या इतर पेशीही ते भराभर सोडू लागतात, हे १९९३ मध्ये दाखवलं गेलं. सीआरपीपेक्षा हे चपळ. काही तासांत चढतं, सुमारे एका दिवसात शिखर गाठतं, आणि कारण संपलं की साधारण दर २४ तासांनी निम्मं होतं. जखमेमुळेही ते चढतं, त्यातही पोटाला मार असेल तर जास्त. त्यामुळे दादाचं पहिल्या दिवसाचं ६.४ बघून कुणी 'सेप्सिस' (जंतुसंसर्गामुळे अवयवच धोक्यात येणं) म्हटलं असतं तर ती घाई ठरली असती. त्यानंतरची घसरण बघा: ६.४, ३.०, १.३, ०.८. शिखरापासून ८० टक्क्यांहून जास्त खाली. इतकी स्वच्छ उतरण मिळाली की आयसीयूतल्या डॉक्टरांच्या खांद्यावरचं थोडं ओझं उतरतं. आजचा ०.९ ही मांडीच्या ऑपरेशनची सावली असावी, ०.८ आणि ०.९ मध्ये फरक शोधू नये. सीआरपी इतका उसळला आणि प्रोकॅल्सिटोनिन जवळपास जागेवर राहिलं, ही जोडी मला तरी जंतूंपेक्षा ऑपरेशनकडे बोट दाखवणारी वाटते. उद्या ते दुप्पट-तिप्पट झालं, तर गोष्ट वेगळी. मूत्रपिंडं बंद पडली असतील तर हा आकडा उगाच वर राहतो, पण दादाचं क्रिएटिनिन १.० वर आलंय, तेव्हा ती शंका इथे नाही.

पांढऱ्या पेशी १८,४०० बघूनही कुणीतरी घाबरलं असेलच. प्लीहा काढलेल्या माणसात हे जवळपास ठरलेलं असतं. जुन्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडवून ठेवण्याचं काम प्लीहा करते. ती गेली की दोन्ही रक्तातच राहतात आणि दोन्ही आकडे वाढतात. अपघातात प्लीहा गमावलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून सर्जन मंडळींनी एक साधा आडाखा काढला आहे. पाचव्या दिवसानंतर पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर आहेत का ते बघायचं, आणि सोबत प्लेटलेटना पांढऱ्या पेशींनी भागायचं. भागाकार २० च्या खाली आला तर इन्फेक्शनचा संशय बळावतो. दादाचं ५,६०,००० भागिले १८,४०० म्हणजे ३० च्या आसपास. पांढऱ्या पेशी मर्यादेच्या वर आहेत, पण प्लेटलेटही त्यांच्या बरोबरीने वाढल्यात. हा आडाखाच आहे, निकाल नव्हे, तरी दिलासा देणाऱ्या बाजूला पडतो. उलट चढलेले प्लेटलेट अचानक घसरायला लागले तर मी जास्त सावध होईन. पसरणाऱ्या इन्फेक्शनमध्ये ते घसरतात, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात त्या हेपॅरिनचाही एक विरळा दुष्परिणाम पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान असाच दिसतो.

तुमच्या शीटमधला मला सगळ्यात आवडलेला आकडा मात्र तुम्ही पत्रात ओझरता लिहिलाय: लॅक्टेट. पेशींना पुरेसा प्राणवायू पोचत नसला की लॅक्टेट साठतं. २ च्या खाली असावं; ४ च्या वर गेलं की मामला गंभीर. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन दोन्ही बरे दिसत असताना आत रक्तस्राव चालू असू शकतो, कारण तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब धरून ठेवतं आणि ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही. लॅक्टेट ही चोरी पकडून देतं. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६ गंभीर जखमींच्या अभ्यासात, ज्यांचं लॅक्टेट २४ तासांत ताळ्यावर आलं ते सगळे वाचले. ज्या २२ जणांचं ४८ तासांतही आलं नाही, त्यांतले फक्त ३ वाचले. अभ्यास छोटा आहे आणि त्यानंतर उपचार खूप सुधारलेत, पण दिशा पुढच्या अभ्यासांतही तीच राहिली. दादा ५.८ घेऊन आला आणि सकाळी १.९ वर होता. 'भविष्य सांगणारा' आकडा म्हणून एकच निवडायचा झाला तर मी हा निवडेन, आणि तो तुमच्या बाजूने बोलून मोकळाही झालाय.

मांडीचं ऑपरेशन पहिल्याच रात्री का उरकलं नाही, याचंही उत्तर यातच आहे. लॅक्टेट ४ च्या खाली, रक्ताचा पीएच निदान ७.२५, आणि बेस एक्सेस (रक्तात आम्ल किती साठलंय याचा अंदाज देणारा आकडा) उणे ५.५ पेक्षा वाईट नाही, इथपर्यंत रुग्ण सावरला की ३६ तासांच्या आत मोठी हाडं कायमची बसवून टाकावीत, असा एक बराच वापरात असलेला निकष आहे. आल्या आल्या दादा त्यात बसत नव्हता. सकाळी लॅक्टेट उतरलं तरी पाच बरगड्या, व्हेंटिलेटर आणि नुकतंच उघडलेलं पोट होतंच. दुसरा ते चौथा दिवस हा दाहाचा भडका सर्वांत जास्त असण्याचा काळ. त्यात आणखी एक मोठी जखम केली तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं कोलमडण्याची भीती असते, म्हणून पुष्कळ सर्जन ते दिवस टाळतात आणि पाचव्या दिवसानंतर हात घालतात. बाहेरच्या सळया म्हणजे चालढकल नव्हती. ठरवून घेतलेला वेळ होता. रक्ताच्या आकड्यांचा खरा उपयोग असा होतो, कधी काय करायचं हे ठरवायला.

सीपीकेचं काम संपलंय. चिरडलेल्या स्नायूंतून तो बाहेर पडतो. ५,००० च्या वर गेला की मूत्रपिंडांची काळजी सुरू होते, कारण त्याच स्नायूंतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडांच्या नळ्यांना मारक ठरतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडून दगावत. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये ते नोंदवलं. दादाला पहिल्या दिवसांत सलाइनवर सलाइन का लावली होती, त्याचं हे एक कारण असणार. ११,००० वरून ९००, आणि क्रिएटिनिन १.०. हा रकाना तुम्ही बंद केलात तरी चालेल. लघवीचा मात्र चालू ठेवा. मूत्रपिंड दुखावलं की क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस घेतं, लघवी त्याआधीच कमी होते.

आता मावसभाऊ. त्याला माझ्याकडून रागावू नका, तो शास्त्राला धरूनच बोलतोय. इंटरल्युकिन-६ जखमेनंतर काही तासांतच चढतं आणि जखम जितकी मोठी तितकं जास्त; युरोपातल्या काही ट्रॉमा केंद्रांनी दुसरं ऑपरेशन कधी करावं हे ठरवताना ते बघितलंही आहे. पण त्याची खरी वेळ पहिल्या एक-दोन दिवसांची. आठव्या दिवशी, ऑपरेशननंतर ४८ तासांनी ते मोजून जो आकडा येईल त्याने दादाच्या उपचारात काय बदलेल? काही नाही. सीआरपी ही त्याचीच उशिरा आलेली पावती आहे, आणि ती तुमच्याकडे रोज येतेय. डी-डायमर तर सोडूनच द्या. गुठळी विरघळताना तयार होणारा तो अंश. इतक्या मोठ्या जखमांनंतर आणि दोन ऑपरेशनांनंतर तो आठवडेच्या आठवडे वाढलेला असतो. वाढलेला आला की तुम्ही घाबराल, आणि तो वाढलेला येणारच. पायात गुठळी झाल्याची शंका आली तर सोनोग्राफी करतात, तीच योग्य.

प्रयोगशाळांत यापुढचीही कामं चालू आहेत. रक्तातला मायटोकाँड्रियाचा डीएनए मोजणं, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचं एचएलए-डीआर हे प्रथिन मोजून प्रतिकारशक्ती किती थकलीय ते बघणं (मोठ्या जखमेनंतर ती भडकते तशी थकतेही, आणि दुसऱ्या आठवड्यातल्या इन्फेक्शनचं हे एक मोठं कारण), जनुकांचे संच. डोक्याच्या माराबाबत तर एक पाऊल प्रत्यक्ष पडलंय: जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या दोन प्रथिनांच्या रक्ततपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. तिचा उपयोगही मर्यादित आहे. सौम्य मार असलेल्या माणसाला सीटी स्कॅन खरंच लागेल का, एवढंच ती ठरवायला मदत करते. माणूस पुढे कसा राहील ते सांगत नाही.

तपासण्या इतक्या हुशार असूनही 'आधीच कळतं' असं का म्हणता येत नाही, ते तुम्ही स्वतः मांडून बघा. समजा आयसीयूत १०० जखमी आहेत आणि त्यातल्या १० जणांना पुढे गंभीर इन्फेक्शन होणार आहे. एक तपासणी घ्या, जी होणाऱ्या दहांपैकी ८ जणांना पकडते आणि न होणाऱ्या नव्वदांपैकी ७२ जणांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम तपासणी. आता मोजा. 'धोका' असा शिक्का ८ अधिक १८, म्हणजे २६ जणांवर बसला. त्यातल्या १८ जणांना काहीही होणार नाहीये. दुसरीकडे ज्या ७४ जणांना 'धोका नाही' म्हटलं, त्यातले फक्त २ चुकले. म्हणजे याच तपासणीने भीती दाखवली तर ती तीनांपैकी दोनदा खोटी, आणि धीर दिला तर तो बहुतेक वेळा खरा. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण आयसीयूतल्या बऱ्याच तपासण्यांचा स्वभाव असाच असतो. चांगल्या रिपोर्टवर थोडा जास्त विश्वास ठेवा आणि वाईट रिपोर्टवर लगेच ठेवू नका, असं मी घरच्यांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं डॉक्टर समजूत काढतायत. त्यामागे हे गणित आहे.

त्यामुळे "लक्ष ठेवून आहोत" या वाक्यावर तुम्ही चिडला असाल तरी ते वाक्य मला आळशी वाटत नाही. घाईने जास्त ताकदीचं अँटिबायोटिक सुरू केलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण मूत्रपिंडांवर ताण, जुलाब, आणि खऱ्या इन्फेक्शनच्या वेळी औषधाला दाद न देणारे जंतू ही त्याची किंमत रुग्ण मोजतो. सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे प्रोकॅल्सिटोनिनवरून ठरवू नका असंच सुचवतात. थांबवायचं कधी, यासाठी मात्र रुग्णाच्या प्रकृतीच्या जोडीला त्याचा आधार घ्या म्हणतात. सुरू करायचं ते माणूस बघून.

म्हणून राउंडच्या वेळी "सीआरपी का वाढला?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "ऑपरेशनमुळे" असं येईल आणि संवाद तिथेच संपेल. त्याऐवजी विचारा, "आज तुम्हाला त्याच्यात सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? आणि उद्या काय दिसलं तर तुम्ही उपचार बदलाल?" ज्या डॉक्टरांनी मनाशी विचार केलाय ते याचं नेमकं उत्तर देतात: ताप १०१ च्या वर गेला तर, ऑक्सिजन वाढवावा लागला तर, छातीतून पिवळा कफ यायला लागला तर, पोटाची जखम लाल झाली तर कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवू आणि मग ठरवू. पाच बरगड्या मोडलेल्या माणसात मी फुप्फुसांकडे डोळा ठेवेन. दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि न्यूमोनियाला तेवढं पुरतं. वेदनाशामक नीट मिळतंय का, श्वासाचे व्यायाम होतायत का, हे विचारणं कुठल्याही नव्या रक्ततपासणीपेक्षा जास्त कामाचं, आणि इथे तुम्ही प्रत्यक्ष मदतही करू शकता. भेटीच्या वेळेत दादाकडून ते व्यायाम करून घ्या. अजून लावून ठेवलेली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि लघवीची नळी खरंच लागते आहे का, हेही एकदा विचारा. नर्सबाईंनाही हा प्रश्न आवडतो. आणि तुम्हाला स्वतःला दादा कालच्यापेक्षा गोंधळलेला वाटला, एकाएकी असंबद्ध बोलायला लागला, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच सांगा. घरच्यांच्या लक्षात हे आधी येतं.

घरच्यांच्या ग्रुपवर रोज रिपोर्टचे फोटो टाकणं मात्र थांबवा. चौदा माणसं चौदा अर्थ काढतात आणि तो सगळा भार रात्री वहिनींवर येतो. दिवसातून एकदा तुम्ही स्वतः चार वाक्यं लिहा: आज काय झालं, दादाने काय खाल्लं, तो काय बोलला, डॉक्टर काय म्हणाले. आकडा हवाच असेल तर 'उतरतोय', 'चढतोय' एवढाच.

वहिनी विचारतात धोका टळला ना, त्यांना पूर्ण 'हो' म्हणू नका. दुसऱ्या आठवड्यात इन्फेक्शन आणि गुठळ्या यांची शक्यता असते आणि नंतर काही झालं तर तुमच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास जाईल. जे खरं आहे तेच पुष्कळ चांगलं आहे. रक्तस्रावाचा धोका मागे पडला, मूत्रपिंडं सावरली, व्हेंटिलेटर सुटला, मोठं ऑपरेशन पार पडलं. उरलंय ते इन्फेक्शन आणि गुठळ्या, आणि त्यासाठी रोज बघणं चालू आहे. हे असंच्या असं सांगा.

आणि एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा, घरी जायच्या गडबडीत ती हमखास राहते. प्लीहा नसलेल्या माणसाला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा-बी या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात, साधारणपणे ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी किंवा घरी सोडण्याआधी. त्या कधी द्यायच्या, पुढचे डोस कधी, ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागा. इथून पुढे आयुष्यभर, दादाला थंडी वाजून ताप आला तर 'व्हायरल असेल, दोन दिवस बघू' हा विचार करायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि आत शिरताच सांगायचं की प्लीहा काढलेली आहे. हे दादाला सांगाच, पण वहिनींना आधी सांगा.